गुरुजींनी पथ्य पाळलं होतं

गुरुजींचं वर्षश्राद्ध रामघाटावर त्यांच्या घरीच झालं. ब्राह्मणांची पंगत उठली आणि मग आम्ही शेजारीपाजारी बसलो. जेवण संपत आलं तशा आठवणी निघाल्या. ती जुनी गोष्ट निघणार हे मला ठाऊक होतं, आणि ती निघालीच.

"गुरुजी वेदातला एक स्वर इकडचा तिकडे होऊ द्यायचे नाहीत," समोरच्या रांगेतला एक जण म्हणाला, "पण सुपारी? ती काही सुटली नाही. डॉक्टरसाहेबांनी इतका छान दात करून दिला, आणि यांनी त्याच्यावर सुपारी फोडली! ऐन पारायणाच्या तोंडावर गाल हा एवढा!" त्याने मूठ गालाजवळ नेऊन दाखवली.

पंगत हसली. वाढणारेही हसले. मीही हसलो.

परत येताना दूधविनायकाच्या गल्लीत मला दम लागला, तेव्हा एका दुकानाच्या फळीवर बसलो. दम उतरला तरी उठवेना. ही गोष्ट खोटी आहे. गुरुजींनी सुपारी खाल्ली नव्हती. ते खात नव्हते हे त्या वेळी काशीत सगळ्यांत पक्कं जर कुणाला माहीत असेल, तर ते मला. आणि ही गोष्ट सुरूही माझ्याच तोंडून झाली.

तेव्हा मी एका कॉलेजच्या दंतविभागात शिकवत होतो. नव्वदीचं दशक सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती. रोज सकाळी मैदागिनपर्यंत चालत जायचं, तिथून रिक्षा. दुपारपर्यंत रुग्ण, त्यानंतर विभागाच्या मागच्या बाजूला असलेल्या एका खोलीत माझं खरं आवडीचं काम.

ते काम थोडक्यात सांगतो. दाताच्या मुळात एक बारीक नळी असते. दात मेला की ती सडते, जंतूंनी भरते. आम्ही ती साफ करतो आणि पुन्हा जंतू शिरू नयेत म्हणून बुजवतो. बुजवायच्या लगद्याकडून दोन अपेक्षा असतात. एक, आत उरलेसुरले जंतू त्याने मारावेत. दुसरी, मुळाच्या टोकाशी जे जिवंत मांस असतं त्याला त्याने त्रास देऊ नये. या दोन्ही गोष्टी एका लगद्यात सापडणं अवघड. जो जंतूंना मारतो तो बहुधा मांसालाही भाजतो. आम्ही सगळे वापरायचो तो लगदा जस्ताची भुकटी लवंगेच्या तेलात कालवून केलेला. जंतूंवर चांगला, पण टोकाबाहेर गेला तर रुग्ण दोन दिवस आमच्या नावाने बोटं मोडणार.

माझ्या मनात होतं की लवंगेच्या तेलाऐवजी कडुनिंबाच्या सालीचा अर्क वापरून बघावा. अर्क सौम्य होता, झाड दारात होतं आणि कल्पना माझी होती. हे शेवटचं कारण सगळ्यांत जोरदार होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

माझ्या हाताखाली एम.डी.एस. करणारी एक विद्यार्थिनी होती, गोरखपूरकडची. तिच्याशी मी हिंदीतच बोलायचो, माझं बोलणं इथे मराठीत देतो. उंचीने लहान, बोलणं कमी, आणि प्रश्न विचारायचा झाला तर आधी चष्मा पुसायची. तिच्या प्रबंधाचा विषय हाच ठरला. लगदा भरलेल्या बारीक नळ्या तिने पांढऱ्या उंदरांच्या कातडीखाली ठेवल्या आणि काही आठवड्यांनी तिथलं मांस कसं आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कडुनिंबाच्या लगद्याभोवती सूज जवळजवळ नव्हतीच. मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

ती म्हणाली, "विनायकाच्या शेजारी राहता आणि उंदरांना टोचता. कुठे फेडाल?"

जंतूंवरची चाचणी सोपी असते. काचेच्या उथळ बशीत जेलीसारखं खाद्य ओतायचं, त्याला आम्ही प्लेट म्हणतो. त्यावर जंतू सगळीकडे सारखे पसरायचे, मध्ये एक खळगा पाडून त्यात लगदा भरायचा आणि उबेत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी प्लेटभर जंतूंची साय धरलेली असते. लगदा चांगला असेल तर खळग्याभोवती साय धरत नाही, तिथे स्वच्छ गोल दिसतो. गोल जितका मोठा तितका लगदा जालीम. एक प्लेट मात्र कोरी ठेवायची. तिच्यावर जंतू तेच, खळगाही तसाच, पण खळग्यात काही नाही. बाकीच्या प्लेटांची तुलना तिच्याशी करायची.

आमच्या जंतूंना हवा कमी लागायची. त्यासाठी प्लेटा एका घट्ट झाकणाच्या भांड्यात रचून आत मेणबत्ती पेटवायची. ती विझेपर्यंत आतली हवा आपोआप हवी तशी होते. विभागातलं काचेचं भांडं तडकलं होतं आणि नवं मागवायला कॉलेजात वर्ष गेलं असतं. मी घरून स्टीलचा मोठा डबा नेला.

"अहो, तो फराळाचा डबा आहे," बायको म्हणाली.

"दिवाळीपर्यंत आणतो."

"दिवाळीला त्यात चकल्या घालू आणि वर लिहू, आधी कुणाकुणाच्या दातातले जंतू होते ते?"

तो डबा परत आला नाही. तिने नवा घेतला आणि त्याच्यावर माझी सावलीही पडू दिली नाही.

आता माझी चूक सांगतो. ती आमच्या घरांत वाढलेल्या माणसाकडूनच व्हावी अशी आहे. आमच्याकडे सोवळं कडक. पूजेच्या पाण्याची कळशी वेगळी, ठेवायचा कोनाडा वेगळा, तिला कुणी शिवायचं नाही, जवळून जाताना धोतराचा सोगाही आवरून घ्यायचा. मी स्वतः सोवळं कधीच सोडलं होतं, कॉलेजच्या कँटीनमध्ये वाटेल ते खायचो, पण जे शुद्ध आहे ते वेगळं ठेवायचं ही हाताची सवय गेली नव्हती. सगळ्या लगद्यांच्या प्लेटा मी फराळाच्या डब्यात एकावर एक रचायचो, लवंगेच्याही आणि कडुनिंबाच्याही. कोरी प्लेट मात्र दुसऱ्या, लहान डब्यात, वेगळी मेणबत्ती लावून. तिला कशाचा संसर्ग नको म्हणून.

विद्यार्थिनीने चष्मा पुसला. "सर, ये वाली अलग क्यों?"

"कोरी आहे ना."

"वही तो, सर. कोरी है तो साथ में होनी चाहिए न?"

"तुमच्या घरी देवाचं पाणी आणि हात धुवायचं पाणी एकत्र ठेवतात?" मी म्हणालो. खोलीत दुसरेही दोन-तीन विद्यार्थी होते, ते हसले. तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. तिच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हतं. पण मी शिक्षक होतो आणि हशा मिळाला होता.

कडुनिंबाच्या प्लेटांवर स्वच्छ गोल आले. मोठे नव्हते, पण आले. उंदरांना त्रास नाही आणि जंतूंचा नाश! मला वाटलं, गाठलं.

त्याच सुमारास गुरुजी आले.

गुरुजी रामघाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवायचे. वयाने माझ्याहून थोडे मोठे. आमच्या काशीकर मराठी मंडळींत दरवर्षी चैत्रात, रामनवमीच्या आधी, घाटावर संहितेचं पारायण होई आणि त्यात पहिला आवाज गुरुजींचा असे. बाकीचे त्यांच्यामागून म्हणत. बऱ्याच वर्षांपूर्वी ते घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर तोंडावर पडले होते, तेव्हा वरचा पुढचा एक दात दुखावला होता. हळूहळू तो काळपटला आणि आता हिरडीतून पू येऊ लागला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की काढून खोटा बसवा.

"खोटा नको," गुरुजी खुर्चीत बसून म्हणाले. "माझ्या गुरूंचे पुढचे दात गेले तेव्हा त्यांनी पहिला आवाज सोडला. नुसता हात हलवून स्वर दाखवायचे. वारा निसटतो हो दातांतून. उच्चार गेला तर मी तिथे बसून काय करू? तुम्ही हाच ठेवा, डॉक्टर. रामनवमी होऊ दे, मग बघू."

"रामनवमीच का, पुढच्या वीस रामनवम्या ठेवतो," मी म्हणालो.

मुळाची नळी साफ केली. दोन-तीन खेपांत पू थांबला. बुजवायची वेळ आली तेव्हा त्यांनी माझा हात थांबवला. सोवळ्याचा माणूस, तोंडात काय जातंय ते विचारणारच.

"ही कांडी कसली?"

"गट्टापर्चा. एका झाडाचा चीक."

"झाडाचा? मग चालेल. आणि हे कालवताय ते?"

"जस्ताची भुकटी आणि कडुनिंबाच्या सालीचा अर्क. माझं स्वतःचं आहे."

"आधी कुणाच्या दातात घातलंय?"

"दातात नाही अजून. उंदरांच्या कातडीखाली ठेवून बघितलं. उंदीर मजेत आहेत."

"उंदीर पारायण करत नाहीत, डॉक्टर." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "म्हणजे तपासलेलं आहे ना?"

"तपासलंय," मी म्हणालो.

विद्यार्थिनी माझ्या बाजूला तबक धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

दात बुजवून झाल्यावर पथ्य सांगितलं. पुढच्या दाताने काही तोडायचं नाही, आणि पारायण होईपर्यंत पान-सुपारी बंद. गुरुजींना जेवणानंतर सुपारी लागायची. त्यांचा पितळेचा एक डबा होता, त्यात कातरलेली सुपारी आणि लवंगा. त्याच संध्याकाळी ते तो डबा घेऊन आमच्या घरी आले.

"हा तुमच्याकडे ठेवा. घरात असला की हात जातो," ते बायकोला म्हणाले.

"अहो, गुरुजी, मुलाला सांगा की लपवून ठेवायला."

"तो माझा शिष्य आहे. मी दे म्हटलं तर देईल. तुम्ही देणार नाही."

बायकोने डबा आपल्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवला.

पारायण तोंडावर आलं आणि एका सकाळी गुरुजींचा मुलगा मला बोलवायला आला. तो तेव्हा पाठशाळेतच शिकत होता. मी गेलो. गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. वरचा ओठ आणि डावा गाल इतका सुजला होता की डोळा अर्धा मिटला होता. बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त हात जोडले. दुखणं असलेल्या माणसाने डॉक्टरला जोडावेत तसेच, त्यांत रागाचं काही नव्हतं. त्यांना रिक्षाने विभागात नेलं आणि दात मागच्या बाजूने पुन्हा उघडला. आतून पू आला. माझ्या लगद्याने आतला एकही जंतू मारलेला नव्हता. मी नुसतं वरून दार लावून घेतलं होतं.

त्या वर्षी पहिल्या आवाजाच्या जागी दुसरे शास्त्रीबुवा बसले. गुरुजी गाल उपरण्याने झाकून मागे, ऐकणाऱ्यांत बसले.

पारायण सुरू झालं त्याच दिवशी घाटाच्या पायऱ्यांवर लोकांनी मला घेरलं. "डॉक्टरसाब, काय झालं एकदम? परवापर्यंत तर ठीक होते!" "दात तर तुम्हीच केला होता ना?"

हा दुसरा प्रश्न मला झोंबला. आणि मी म्हणालो, "मी सुपारी बंद करायला सांगितलं होतं."

एवढंच. यातला शब्दन् शब्द खरा होता. मी सांगितलंच होतं. पुढचं त्यांचं त्यांनी जोडलं. "अस्सं! म्हणजे गुरुजींनी..." आणि एक जण हसला, दुसरा हसला. दूधविनायकापासून संकठा घाटापर्यंत ही बातमी माझ्या आधी पोचली. ज्या माणसाने आयुष्यात एक नियम मोडला नव्हता तो पथ्य न पाळणारा ठरला.

जेवताना बायको म्हणाली, "लोक काहीतरीच बोलतायत. डबा तर आपल्याकडे आहे."

"सुपारी काय, बाहेर कुठेही मिळते," मी म्हणालो.

तिने भाताचा हात थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि मग वाढला. याबद्दल ती पुढे कधी बोलली नाही. मला ते बरं वाटायचं. आता वाटतं, बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो आणि विद्यार्थिनीला सांगितलं, "कोरी प्लेट मोठ्या डब्यात ठेव. सगळ्यांबरोबर."

तिने प्लेटा रचल्या, मेणबत्ती लावली, झाकण घट्ट केलं. एक दिवसाने आम्ही दोघांनी डबा उघडला. झाकण निघालं तसा लवंगेचा वास असा आला की जणू कुणी पानाचं दुकान उघडलं. तो वास रोजच येत होता. मला तो स्वच्छतेचा वाटायचा. कोरी प्लेट वर काढली. तिच्या खळग्यात काहीच नव्हतं, तरी जंतूंची साय विरळ, टक्कल पडल्यासारखी. लवंगेच्या तेलाची वाफ बंद डब्यात सगळ्या प्लेटांवर पसरत होती आणि जंतूंना अर्धमेले करत होती. त्या अर्धमेल्यांना माझ्या कडुनिंबाने जरा बाजूला सारलं की मी गोल मोजत होतो. कोरी प्लेट पहिल्या दिवसापासून त्या डब्यात असती, तर तिने हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मी तिला सोवळ्यात ठेवली होती.

विद्यार्थिनीने 'मैं ने कहा था' म्हटलं नाही. तिने चष्मा पुसला आणि एवढंच म्हणाली, "लौंग, सर."

मग आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. प्रत्येक लगद्याला वेगळा डबा, आणि प्रत्येक डब्यात त्याची स्वतःची कोरी प्लेट. डबे कमी पडले तेव्हा ती आपल्या होस्टेलमधल्या मैत्रिणींचे पिठाचे, लाडवांचे डबे घेऊन आली. एकटा ठेवल्यावर कडुनिंबाचा गोल खळग्याच्या कडेला चिकटलेला, नखाएवढाही नव्हता.

गुरुजींना हे सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. सूज उतरली होती. निदान एवढं तरी मी केलं, हे लिहिताना जीव जरा हलका होतो.

"गुरुजी, माझं औषध चुकलं. तपासण्यातच चूक होती. तपासलंय म्हणालो ते बरोबर नव्हतं."

ते पाठशाळेतली मुलं बसतात त्या सतरंजीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "आता चूक कुठे आहे ते सापडलं?"

"सापडलं."

"मग आमच्याकडे कसं करतात ठाऊक आहे ना? चुकलं तर जिथे चुकलं तिथून नाही म्हणायचं, आरंभापासून म्हणायचं. मुलं रडतात, पण त्यातच पाठ पक्का होतो." मग म्हणाले, "कधी येऊ?"

"माझ्याकडेच येणार?"

"दुसऱ्याकडे गेलो तर त्याला काय चुकलं ते कुठे माहीत असेल?"

आज इतकी वर्षं झाली, माझ्या हातून बरेच दात बरे झाले आणि बरेच गेले, पण कुणी माझ्यावर एवढा विश्वास टाकलेला मला आठवत नाही. ते आले. मी नळी पुन्हा साफ केली, आत चुन्याच्या जातीचं एक औषध भरून काही आठवडे थांबलो. पू पूर्ण थांबल्यावर शेवटी तोच जुना, सगळे वापरतात तो लगदा अगदी बेताने, टोकाबाहेर जाऊ न देता भरला. गुरुजींनी वास ओळखला.

"हे काय, लवंग?"

"लवंगच."

"ती तर माझ्या डब्यात होती हो! डब्यासकट तुमच्या घरात!"

विद्यार्थिनीला मराठी येत नव्हतं, पण गुरुजी हसताहेत म्हणून तीही हसली. पारायणानंतर त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी हसलं असेल.

डबा घ्यायला ते घरी आले तेव्हा बायकोने तो पुसून, लख्ख करून दिला. त्यांनी उघडला. सुपारी जशीच्या तशी होती, जरा शिळी. त्यांनी एक चिमूट तिला दिली, एक मला, आणि काही म्हणाले नाहीत. गल्लीत काय चाललंय ते त्यांच्या कानावर गेलं नसेल असं नाही. तेव्हा मी बोलायला हवं होतं. औषधाची चूक चार भिंतींत सांगणं मला जमलं. घाटावर जाऊन 'गुरुजींनी पथ्य पाळलं होतं' म्हणणं जमलं नाही. ते म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग काय झालं? आणि मग नीट न तपासलेलं औषध मी रुग्णाच्या दातात घातलं हे कॉलेजात कळलं असतं. सुरुवातीला नोकरीची भीती होती. नंतर भीती गेली, पण तोवर गोष्ट जुनी झाली होती, आणि जुन्या गोष्टीला कशाला हात लावायचा, असं म्हणायला माणूस लगेच तयार असतो.

गुरुजींनी मला संधी दिली नाही असंही नाही. कुणी सुपारीवरून चिडवलं आणि मी तिथे असलो की ते म्हणायचे, "डॉक्टरांना विचारा." मग माझ्याकडे बघून थांबायचे, थोडंसंच. मी हसायचो. मग ते डबा उघडून माझ्यापुढे करायचे, "घ्या." असं किती वेळा झालं ते मोजण्याची मला छाती नाही.

पुढच्या चैत्रात पहिला आवाज पुन्हा त्यांचाच होता. मी खालच्या पायरीवर बसून फक्त त्या दाताकडे कान लावला होता. एक अक्षर निसटलं नाही. तो दात पुढेही टिकला, त्यांच्याबरोबरच गेला.

विद्यार्थिनीने प्रबंधात फसलेल्या सगळ्या चाचण्या लिहिल्या. मी म्हणालो, "ते वगळ, नुसत्या नव्या दे." तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "सर, तो फिर कोई और भी सब प्लेटें एक ही डिब्बे में रखेगा." मी सही केली. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी तेच प्रकरण सगळ्यांत जास्त वाखाणलं आणि वाखाणताना मला म्हणाले, "मार्गदर्शक असावा तर असा." मी नमस्कार केला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "सर, मिठाई खिलाइए." मी खिलवली. ती आता तिच्या गावी दवाखाना चालवते, केस पांढरे झालेत. गेल्या महिन्यात फोन करून मी तिला सांगितलं की ते कौतुक तुझं होतं. ती म्हणाली, "मुझे तो पता था, सर. मिठाई इसी लिए तो माँगी थी."

तर त्या वर्षश्राद्धानंतर मी गुरुजींच्या मुलाकडे गेलो. पाठशाळा आता तोच चालवतो. मी सगळं सांगितलं. डब्यापाशी त्याने मला थांबवलं.

"डबा तुमच्याकडे होता?"

"हो."

"सगळे दिवस?"

"सगळे दिवस."

त्याने समोरची पोथी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "घरात सुपारीचा तुकडा नव्हता हे मला माहीत होतं. पण तुम्ही डॉक्टर. पाठशाळेत पोरं मला चिडवायची, तेव्हा मी भांडायचो. आणि मग घरी येऊन बाबांकडे बघायचो आणि वाटायचं, बाहेर खाल्ली असेल का?" त्याचा आवाज जरा बदलला. "बाबांवर मी तो संशय घेतला होता, काका."

मी म्हणालो, "मी लिहून काढतो. छापायला देतो."

"लिहा. पण आधी तोंडाने सांगा. पंगतीत पसरलंय, पंगतीतच सांगा."

यंदाच्या चैत्रात पारायणाच्या समाप्तीच्या जेवणाला मी गेलो. निघताना बायको दाराशी आली. "डबा माझ्या कपाटात होता, तेही सांगा," म्हणाली. "साड्यांच्या मागे."

भात वाढून झाला होता. मी पत्रावळीवरून उठलो. जेवताना उठू नये हे माहीत असूनही उठलो, कारण बसून म्हणवलं नसतं. उंदीर, प्लेटा, लवंग, सगळं सांगितलं. साड्यांच्या मागचा डबाही सांगितला. बोलून झालं तेव्हा वाढणारा वरणाची बादली घेऊन माझ्याशेजारीच उभा होता. आणि मग तोच माणूस, ज्याने वर्षश्राद्धाला गालाजवळ मूठ नेली होती, म्हणाला, "म्हणजे पथ्य मोडलं ते डॉक्टरांनी!"

पंगत हसली. यावेळी मी हसलो नाही, पण मला वाईटही वाटलं नाही. हसू जिथे जायला हवं होतं तिथे पोचलं होतं.

हात धुऊन झाल्यावर गुरुजींचा मुलगा पितळेचा डबा घेऊन सगळ्यांपुढून फिरला. डबा तोच. माझ्यापुढे आला, थांबला, म्हणाला, "घ्या, काका."

माझे दात आता सगळे खोटे आहेत, सुपारी फुटत नाही. मी एक लवंग घेतली आणि गालात धरली.